ब्राह्मणपुरीच्या मिरचीची सुनावणी

भूपेंद्रने तक्रार दुसऱ्यांदा वाचली आणि खुर्ची लॅपटॉपपासून थोडी मागे घेतली. आरोपीच्या इतकं जवळ बसणं बरं दिसत नव्हतं.

आरोपी तो स्वतःच होता. स्वयंपाकघरातल्या फळीवर, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपवर त्याचं स्वतःचं समाजमाध्यम चालायचं. मालक एक, सदस्य एक, दोन्ही भूपेंद्र. जाहिराती नाहीत, कंपनीची हांजी हांजी नाही, आणि दुसऱ्यांच्या अशाच सर्व्हरवरच्या लोकांशी गप्पांची सोय. तिथे त्याने लिहिलं होतं, 'ब्राह्मणपुरीची मिरची नुसती लाल असते.' ब्राह्मणपुरीत मिरची पिकवणाऱ्या यामिनीने तक्रार ठोकली. तिचा सर्व्हर शेतकऱ्यांचा. त्यांनी कळवलं: मालकाने संध्याकाळपर्यंत निकाल द्यावा, नाहीतर तुमच्या सर्व्हरशी संबंध तोडू.

म्हणजे यामिनीशी बोलणंही बंद. दीड वर्ष दोघं रोज तिथेच भांडत होते. फोन नंबर मागायची छाती त्याला झाली नव्हती.

"फेटाळी टाकसू," तो म्हणाला.

"ज्यानावर तक्रार, तोच निकाल देई? आसं कोठे ऱ्हास?" आईने, तुळशीबाईने, लाटणं खाली ठेवलं. गावी ती चार वर्षं तंटामुक्ती समितीत होती. बांधाची भांडणं तिने एका चहात मिटवली होती. "तिले बलाव. मिरची लई ये म्हन."

चार वाजता यामिनी शहाद्याच्या बसने आली, पिशवीभर मिरची घेऊन. तिला हजारो टोमणे लिहिलेल्या भूपेंद्रला "या" एवढंच सुचलं.

तुळशीबाईने शिक्षा सुनावली: एक मिरची, उभ्याने, पाण्याशिवाय.

त्याने खाल्ली.

"कशी शे?" यामिनीने विचारलं.

"लाल," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे घळाघळा वाहू लागले.

"पुरावा पाही ल्या, मावशी."

भूपेंद्र नाक पुसत लॅपटॉपपुढे बसला. मालक म्हणून त्याने तक्रार मान्य केली आणि सदस्य भूपेंद्रला सात दिवसांसाठी निलंबित केलं. सदस्यसंख्या शून्य झाली. लॅपटॉपचा पंखा तेवढा इमानाने घरघरत राहिला.

यामिनीचा चेहरा उतरला.

"सात दिन? मंग मी भांडू कोनासंगे?"

भूपेंद्रची जीभ अजून जागेवर नव्हती. तुळशीबाईने कॅलेंडरचं पान फाडलं आणि, यामिनी घरातच उभी असताना, तिला घराचा पत्ता लिहून दिला.

नुकतीच त्याच पत्त्यावर आलेल्या यामिनीने तो सावकाश वाचला.

"मावशी, स्टँडवरून येताना वळन डावं का उजवं?"