राहिलेल्या नऊ गोळ्या

माझ्या झाकणावर कधीकाळी केशरी झेंडू रंगवलेला होता. आता त्याच्या दोनच पाकळ्या उरल्या आहेत, बाकी सगळा गंज. मित्रांनो, मी बियाण्याचा एक पत्र्याचा डबा आहे. १९९३ साली नाशिकच्याच एका कारखान्यात मी तयार झालो आणि झेंडूचं बी पोटात घेऊन मखमलाबादच्या पुढे, कोंडाजींच्या मळ्यात आलो. बी पेरून झाल्यावर ते मला फेकणार होते. त्यांच्या पत्नी कलाबाई म्हणाल्या, “झाकण घट्ट हाय. ऱ्हाऊ द्या.” एवढ्यावर मी वाचलो. पाच वर्षं माझ्यात सुया आणि दोरा होता.

१९९८ साली माझ्यात गोळ्या आल्या.

त्या कोंडाजींच्या मुलासाठी, भारतसाठी होत्या. भारत तेव्हा एकवीस वर्षांचा होता. विहिरीवरची मोटर सुरू झाली की त्या घरघरीत त्याला माणसं बोलताना ऐकू येत. ती त्याचं नाव घेत आणि त्याला खाली बोलावत. तो दोनदा विहिरीच्या काठावर वाकलेला सापडला. नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, “याला स्किझोफ्रेनिया म्हणतात. हा मेंदूचा आजार आहे, बाहेरची बाधा नाही.” तेव्हापासून त्या घरात कोणाला मोटर लावायची झाली, तरी आधी भारत कुठे आहे ते पाहिलं जाई.

पहिली गोळी रिस्पेरिडोन. महिन्याभरात आवाज कमी झाले. पण भारतची बोटं आखडली, हात थरथरू लागले, त्याला एका जागी बसवेना. ज्या हातांनी तो झपाझप हार ओवायचा, त्यांना सुईत दोरा घालता येईना. डोस कमी केला की आवाज परत येत, वाढवला की हात लाकडासारखे होत.

दुसरी ओलान्झापिन. ती आली आणि बोटं मोकळी झाली, झोपही लागली. पण भूक सुटली. चौदा महिन्यांत भारतचं वजन चौपन्न किलोवरून पंचाहत्तरवर गेलं. कलाबाईंना आधी आनंद झाला, पोराच्या अंगाला लागतंय म्हणून. मग रक्तात साखर निघाली. आवाज तर पुरते गेलेच नव्हते.

२००३ मध्ये डॉक्टरीणबाईंनी तिसरी लिहिली, क्लोझापिन. जुन्या गोळ्या दाखवायला कोंडाजींनी मला पिशवीतून नेलं होतं, म्हणून मी सगळं ऐकलं.

“दोन औषधांनी भागलं नाही, तेव्हाच आपण हिच्याकडे येतो,” बाई म्हणाल्या. “ही क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी मारते. म्हणून अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं, पुढे दर महिन्याला. ताप आला, घसा दुखला, तर त्याच दिवशी यायचं. सुरुवात पंचवीस मिलिग्रॅमच्या अर्ध्या गोळीने. चढायचं हळूहळू. आणि दोन दिवसांपेक्षा जास्त चुकली, तर स्वतः सुरू करायची नाही. आधी मला विचारायचं.”

पांढऱ्या पेशींच्या धसक्याने कोंडाजींचा चेहरा उतरला होता. गोळी चुकल्याचं शेवटचं वाक्य त्यांच्या कानावर पडलं, मनात राहिलं नाही.

रक्ताच्या तपासणीला भारतची धाकटी बहीण छाया त्याला न चुकता नेई. डोस चढत चढत तीनशेवर थांबला, रोज रात्री शंभरच्या तीन गोळ्या. झोपेत भारतची लाळ गळे. कोंडाजी चेष्टा करत, “भारत्या, उशीला ठिबक लावलं का काय रं?” भारत हसे. सहा वर्षांत त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहत होतो, कारण आता मोटर चालू असली तरी ती फक्त मोटर होती.

मग २००४ चा दसरा आला, शुक्रवारचा. फुलं घेऊन कोंडाजी आणि भारत मंगळवारीच पंचवटीत गेले. तीन रात्री ते तिथेच फुलांच्या ढिगाजवळ झोपले. मायलेकी मळ्यात तोडणी करत होत्या. मी फळीवर होतो. तीन रात्री माझं झाकण उघडलं नाही.

शुक्रवारी दुपारी टेम्पो परत आला. भारत उतरला आणि कोणाशी न बोलता विहिरीकडे पाहत उभा राहिला. कलाबाईंनी मला उघडलं.

“अवं, गोळ्या तर हितंच हायेत! तुम्ही नेल्या नाय?”

“मला वाटलं, तू भाकरीच्या फडक्यात बांधल्या.”

“नऊ ऱ्हायल्या, नऊ!” त्या पाकिटातून गोळ्या काढू लागल्या. “पाण्याची पाळी चुकली की आपण दुप्पट सोडतो का नाय? तसंच भरून काढू. तिकडं बघा, तो इहिरीकडं बघतोय.”

“आई, येडी का तू? नऊ एकदम?” छायाने त्यांचं मनगट धरलं. “बाईंना फोन लावते आधी.”

शेजारच्या घरून तिने फोन लावला. सणाची सुट्टी होती. घंटी वाजत राहिली.

“नऊ नगं,” शेवटी कोंडाजी म्हणाले. “रोजच्या तीन दे. रोजच्याच तर हायेत. त्यानं काय हुतंय?”

हे सगळ्यांना पटलं, छायालाही. मित्रांनो, डब्याला तोंड असतं, पण बोलता येत नाही. ज्या तीन गोळ्या सोमवारपर्यंत औषध होत्या, त्या आता नव्या माणसाला एकदम दिल्यासारख्या होत्या, कारण मधल्या दिवसांत शरीराची सवय मोडली होती.

भारतने त्या गिळल्या आणि ओट्यावर बसला. तासाभराने तो पाणी प्यायला उठला, भिंतीला हात लावला आणि सरळ खाली कोसळला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. कलाबाईंना त्याची नाडी सापडेना.

त्याच टेम्पोतून, फुलांच्या चुऱ्यावर निजवून त्याला दवाखान्यात नेलं. निघताना छायाने मला उचललं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “काय दिलं? किती? कधी?” कोंडाजींना नाव आठवेना. छायाने मला टेबलावर उपडं केलं. रक्तदाब फार खाली गेला होता. रात्रभर सलाईन चाललं. आयुष्यात मी एवढाच उपयोगी पडलो.

भारत वाचला. पण क्लोझापिन पुन्हा अर्ध्या गोळीपासून सुरू करावं लागलं. तीनशेवर पोचायला पाच आठवडे लागले आणि त्या पाच आठवड्यांत आवाज परत आले. कलाबाई मोटरच्या खोलीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचत. फुलं वाळली, पण त्यांनी मोटर लावू दिली नाही. कोंडाजी भारतजवळ बसून राहत. एकदा म्हणाले, “माझ्याच तोंडानं मी तीन म्हणालो.” भारतने त्यांच्याकडे पाहिलं, पण त्याला तेव्हा दुसरंच काही ऐकू येत होतं.

मित्रांनो, घरात असा डबा असेल तर दोन गोष्टी करा. गोळ्या कोण देणार, ते एकाच माणसाचं नाव घेऊन ठरवा. आणि चुकली, तर अंदाज करू नका, घाबरून भरूनही काढू नका. विचारा. फोन लागला नाही, तर दवाखान्यात जाऊन विचारा.

पुढच्या दसऱ्याला टेम्पो भरला तेव्हा भारतने स्वतः मला खांद्याच्या पिशवीत टाकलं. “आई, डबा माझ्याकडं हाय,” तो म्हणाला. कलाबाई “बरं” म्हणाल्या. टेम्पो निघाला. वळणापर्यंत पोचला नसेल, तोच त्या अनवाणी मागे धावत आल्या, टेम्पो थांबवला, पिशवीत हात घालून मला चाचपलं, झाकण उघडून पाहिलं आणि मगच बाजूला झाल्या.