सावलीत वाळलेली पानं

मावशीला मधुमेह होऊन चौदा वर्षं झाली होती आणि भाचीला त्यावर संशोधन करायला लागून चार. त्यामुळे या विषयात आपण दहा वर्षांनी सीनियर आहोत, असं मावशी येईल त्याला ऐकवायची.

भाची प्रयोगशाळेत झाडपाल्याचे अर्क तपासायची. आतड्यातलं एक एन्झाइम पिठूळ अन्नाची साखर करतं, त्याला लगाम घालणारा अर्क तिला हवा होता. एकसष्ट वनस्पती झाल्या, एकीनेही दाद दिली नव्हती.

बासष्टावी मावशीने आणली. जन्मभर शिवणकाम केलेली ही बाई डॉक्टरांच्या धाकाने रोज सकाळी फिरायला जायची. मैदानाच्या कुंपणाशी माजलेलं खरबरीत पानांचं तण तिने पिशवीत भरलं, वाळवलं आणि भाचीच्या हातात दिलं.

"याला बकऱ्यासुद्धा तोंड लावत नाहीत. म्हणजे यात काहीतरी असणार!"

हे काही शास्त्र नव्हे. पण मावशीचं मन कुठे मोडायचं, म्हणून भाचीने अर्क काढला. यंत्रावर आकडा उमटला आणि ती स्टुलावरून उठलीच. एन्झाइमचं काम ऐंशी टक्क्यांनी मंदावलं होतं!

"छान," विभागप्रमुख म्हणाले. "आता ताजी पानं आणून पुन्हा करा. तीनदा."

तिने स्वतः पानं तोडली, ओव्हनमध्ये एका दिवसात वाळवली, अर्क काढला. तिन्ही वेळा हाती भोपळा. संध्याकाळी ती तोंड पाडून मावशीकडे गेली. मावशी पडद्याला काठ शिवत होती.

"पानं तीच ना?"

"तीच गं. वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी ओळखून दिलीत."

"आणि वाळवलीस कशी?"

"ओव्हनमध्ये."

मावशीने मशीन थांबवलं. "अगं, भट्टीत घातलीस? मी आठ दिवस कपाटावर सावलीत पसरली होती. रंगीत कापडसुद्धा मी उन्हात टाकत नाही, विटतं!"

भाची हातातला चहा तसाच ठेवून पळाली.

नव्या पानांचे तिने दोन वाटे केले. ओव्हनमधल्या वाट्याने पुन्हा तोंडघशी पाडलं. सावलीतल्याने तिन्ही वेळा ऐंशीच्या आसपास आकडा दिला. कामाचं जे काही होतं, ते उष्णतेने नासत होतं.

"मग उद्यापासून दोन पानं चघळू का?" मावशीने विचारलं.

"खबरदार! हे नुसतं काचेच्या नळीतलं झालं. पोटात गेल्यावर ती काय करतील, देव जाणे. तुझ्या गोळ्या चालू ठेव."

"औषध कधी होईल?"

"दहा-बारा वर्षांनी. किंवा कधीच नाही."

मावशी जराही हिरमुसली नाही. "आणि आत्ता काय हवंय तुला?"

"पाच किलो वाळकी पानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची मैदानावर पोचली, तर मावशी फिरायला येणाऱ्या चार बायकांना कामाला लावून मोकळी झाली होती. "मुळासकट उपटू नका गं," ती दरडावत होती, "आमचं संशोधन चाललंय!"

भाचीने हसत बाह्या वर सारल्या आणि एक पिशवी मागून घेतली.