श्रवणाची तारीख

कीर्तनाला उभं राहिलं की देवानंद महाराज आधी पांडुरंगाला हात जोडत, आणि मग बायकांच्या बाजूला नजर टाकून सत्यभामाबाई आल्यात का ते बघत. त्या दिसल्या की महाराजांचा आवाज मोकळा व्हायचा. धामणगाव बढ्याच्या आसपासच्या गावांत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. गाणारे पुष्कळ, टाळ वाजवणारे त्याहून पुष्कळ; पण ऐकावं ते सत्यभामाबाईंनी. नेमक्या जागी मान डोलायची, नेमक्या जागी डोळ्यांना पदर लागायचा, आणि महाराजांनी गंमत केली की पहिलं हसू त्यांचं. समोर असं एक माणूस बसलेलं असलं, तर कीर्तनकाराला आणखी काय हवं हो?

आता खरं सांगायचं, तर गेली दोन वर्षं सत्यभामाबाईंना त्या कीर्तनातलं काहीच कळत नव्हतं. मृदंग छातीत घुमायचा, तेवढा जाणवायचा. टाळ मात्र नुसते दिसायचे, वाजायचे नाहीत. आणि शब्द म्हणाल, तर भिजलेल्या पापडासारखे. उचलायला जावं तो हातातच विरायचे.

पूर्वी त्या अगदी पुढं बसत. एके दिवशी अचानक मागं खांबाजवळ सरकल्या. कुणी विचारलं, तर म्हणाल्या, "टोंगळे दुखतात वं, पाठ टेकाले लागते." गुडघ्यांचं निमित्त, खरं कारण असं की पुढं बसलं तर बाकीच्यांचे चेहरे दिसत नाहीत. खांबाजवळून सगळ्यांचे गाल दिसत, खांदे दिसत. कोण कधी हलतं, महाराजांची भुवई कधी वर जाते, हे त्यांनी असं टिपून ठेवलं, की पुढंपुढं त्या इतरांच्या आधी डोलू लागल्या.

सांगायचं कुणाला? गावात अंबूबाईला ऐकू येईनासं झालं, तेव्हा बायका तिच्यासमोरच तिची नक्कल करायच्या, आणि मग तिच्याशी बोलायच्याच बंद झाल्या. हे सत्यभामाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण त्यांची खरी भीती त्याहून खोल होती. त्यांना वाचता येत नव्हतं. गळा नव्हता. नऊ प्रकारच्या भक्तींतली एकच त्यांच्या वाट्याला आली होती, पहिली, श्रवणाची. तीही गेली, तर देवापुढं काय घेऊन उभं राहायचं?

अशात फेब्रुवारी संपताना गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई छायानं देवळाच्या भिंतीवर एक कागद चिकटवला. 'जागतिक श्रवण दिन. ३/३. सर्व ग्रामस्थांनी उपस्थित राहावे.' वरून आलेला निरोप तिनं जसाच्या तसा लिहिला होता.

भजनी मंडळाचे मोतीराम यांनी तो मोठ्यानं वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पाहा बाप्पा! हात धुवाचा दिवस झाला, संडासाचा झाला, मच्छराचा झाला. आखरीले सरकारले श्रवणभक्तीची आठवण आली!"

"तिथी कोन्ती लिहेल हाये?" पारावरून कुणीतरी विचारलं.

"तिथी नाही, तारीख हाये. सरकारचं सारं तारखेवर चालते."

एवढा मोठा दिवस, तर तो भजनी मंडळानं रिकामा जाऊ द्यायचा का? त्याच संध्याकाळी बैठक झाली. देवानंद महाराजांचं कीर्तन ठरलं, विषय श्रवण. आणि मोतीरामांनी वर कळस चढवला: गावातल्या उत्तम श्रोत्याचा शाल-नारळ देऊन सत्कार करायचा. नाव सुचवायची वेळच आली नाही. सगळे एकदम इंद्रभानकडं पाहू लागले. इंद्रभान म्हणजे सत्यभामाबाईंचे यजमान. ते आपले पायांकडं बघत बसले.

छायाला हे कळलं, तशी ती धावतच आली. "मोतीरामभाऊ, अवो, कानाचा दिवस हाये तो! कान तपासाचा!"

"मंग श्रवण कायनं करतात? नाकानं?"

"बुलढाण्याहून मॅडम मशीन घेऊन येऊन राह्यल्या."

"येऊ दे ना. आधी मशीन, मंग कीर्तन. लोकं तपासेल कान घेऊन बसतीन." मोतीराम मागं हटणारे नव्हते. "पण मले सांग, तीन मार्चच काऊन?"

छायानं कागदावरच्या ३/३ वर बोट ठेवलं. "पाहा बरं, कसं दिसते?"

मोतीरामांनी मान तिरपी केली, मग दुसऱ्या बाजूनं तिरपी केली. "हाव वं! दोन कानंच हायेत!"

सत्काराची बातमी सत्यभामाबाईंना मोतीरामांच्या ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून समजली. खांद्यावर शाल टाकल्याची खूण, नारळाची खूण. त्या हसल्या, कारण तिथं हसायचं असतं. मोतीराम गेले आणि सत्यभामाबाईंच्या हातातली मेथीची जुडी निवडायची तशीच राहिली. माणसांना फसवलं, ते एक वेळ चालून गेलं असतं. पण पांडुरंगासमोर, श्रवणाच्या नावानं शाल घ्यायची? ही तर देवळातली चोरी.

"माहं अंग मोडून येऊन राह्यलं," त्या इंद्रभानला म्हणाल्या. "मी नाही येत त्या दिवशी."

इंद्रभान जवळ आले, अगदी समोर उभे राहिले आणि सावकाश म्हणाले, "तुह्या मनानं कर." मग चुलीमागं जाऊन पाणी प्यायले.

तीन मार्च उजाडला. सत्यभामाबाई गेल्या. का गेल्या? त्यांच्या मनात एक विचार आला होता. मशीन येतंय ना? मग मशीनच सांगेल. आपल्या तोंडानं सांगायची हिंमत नाही, तर यंत्राच्या तोंडून होऊन जाऊ दे.

सभामंडपात टेबल मांडलं होतं. बुलढाण्याहून आलेल्या पुष्पांजली मॅडम हसतमुख होत्या, पण त्यांच्यासमोरची खुर्ची रिकामी होती. जो तो म्हणे, माझे कान ठणठणीत. "या ना," छाया विनवत होती, "सुई नाही, काही नाही!" पण उठायचं म्हणजे आपण कमी ऐकतो हे चारचौघांत कबूल करायचं. कोण उठतो?

"पहिला मान सत्यभामावहिनीचा!" मोतीरामांनी पुकारा केला. टाळ्या पडल्या.

त्या खुर्चीत बसल्या. मॅडमनं कानांवर हेडफोन चढवले आणि खुणेनं समजावलं: आवाज आला की बोट वर. मंडपात शांतता झाली. मॅडम समोरच बसल्या होत्या, हात मशीनच्या बटणावर.

आणि इथं मंडळी, जे व्हायला नको तेच झालं. मॅडमचा अंगठा जरासा दबला, त्यांचे डोळे किंचित वर आले आणि सत्यभामाबाईंचं बोट उठलं. त्यांना उठवायचं नव्हतं हो! पण दोन वर्षांची सवय ती. पुन्हा अंगठा, पुन्हा बोट. दुसरा कान, तेच. कानात काहीही वाजत नव्हतं, आणि बोट मात्र दर वेळी नेमक्या जागी वर जात होतं, कीर्तनातल्या त्यांच्या मानेसारखं.

"आजी, या वयात एवढे छान कान!" मॅडम कौतुकानं म्हणाल्या. मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. तोसुद्धा त्यांनी फक्त पाहिला.

मोतीराम शालीची घडी मोडत पुढं येऊ लागले. सत्यभामाबाईंना एकदम सगळं लख्ख दिसलं. आता मशीननंच साक्ष दिली होती. आता उभ्या जन्मात कुणी विचारणार नाही. खांबाला टेकून मरेपर्यंत डोलत बसता येईल. आणि महाराजांचा एक शब्दही पुन्हा कधी कानावर पडणार नाही.

त्या उठल्या. हेडफोन कानांवर तसेच. खुर्ची दोन्ही हातांनी उचलून त्यांनी उलटी फिरवली, मॅडमकडं पाठ करून बसल्या. समोर फक्त गाभारा, आणि विटेवरची मूर्ती. तिच्या चेहऱ्यावरून काहीच टिपता येत नव्हतं.

"आता वाजवा," त्या म्हणाल्या.

मॅडमनं बटण दाबलं. बोट मांडीवरच. आवाज वाढवला. बोट मांडीवरच. आणखी वाढवला, इतका की पुढच्या ओळीतल्या माणसांना हेडफोनबाहेर आलेला बारीक सूर ऐकू येऊ लागला. कुणी हसलं नाही. मोतीराम शाल पसरून तसेच उभे. मग मॅडमनं बाजू बदलली, डावा कान धरला, पुन्हा खालून वर नेत राहिल्या. आणि कधीतरी, बऱ्याच वेळानं, सत्यभामाबाईंच्या कपाळाला आठी पडली. बोट हळूच, शंका घेत, वर आलं. ते बोट खरं होतं.

देवानंद महाराज मघाशीच येऊन दारात थांबले होते. ते पुढं आले, मूर्तीच्या आणि त्यांच्या मधे येऊन खाली बसले.

"माय, मंग माह्या कीर्तनाले..."

"तुमचा शब्द नाही पोचला महाराज. दोन वर्सं झाले." त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "मान लबाड होती माही."

महाराजांना लागलं असणार, लागल्याशिवाय कसं राहील? मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अन् मी समजे का माहं कीर्तन दोन वर्सांपासून लय रंगून राह्यलं!"

मंडपात हसू फुटलं. आधी महाराज हसले, म्हणून इतरांना हसायची सोय झाली.

मॅडमनं समजावून सांगितलं. उजवा कान फार गेलाय, डाव्यात अजून बरंच शिल्लक आहे. बुलढाण्याला येऊन मोठी तपासणी करायची, यंत्र बसवून बघायचं. छाया म्हणाली, मी घेऊन येते. आणि सत्यभामाबाई खुर्चीतून उठल्या, तर त्या जागी कोण येऊन बसलं? मृदंग वाजवणारे पंजाबराव. "माह्येबी पाहून घ्या म्हटलं," ते खाली बघत पुटपुटले. त्यांच्यामागं आणखी दोघं उभे राहिले.

"आता याचं काय करू वहिनी?" मोतीरामांनी शाल दाखवली.

"घडी करा भाऊ. पहिले ऐकू तर येऊ द्या."

इंद्रभान बाजूला उभे होते. सत्यभामाबाई त्यांच्याजवळ गेल्या. "तुम्हाले माहीत होतं?"

ते डाव्या कानाशी वाकले. "दोन वर्सांपासून कुकर कोण उतरवते वं? शिट्ट्या मोजून?"

तिकडं मृदंगावर थाप पडली.

कीर्तन सुरू झालं आणि इंद्रभाननं असं काही केलं की ते पाहून गाव चाट पडलं. पुरुषांच्या बाजूनं उठले, सरळ बायकांत गेले आणि बायकोच्या डावीकडं मांडी घालून बसले.

"अवो भाऊजी, रस्ता चुकले का?" सिंधूताईनं पदराआडून टोमणा मारला.

"चूप बसा हो. कामावर हाये मी."

महाराज बराच वेळ श्रवणाचा महिमा सांगत राहिले. इंद्रभान कानाशी लागले. "म्हणते, ऐकत जा."

"एवढंच?"

"मतलब एवढाच हाये."

"एवढा वेळ बोलले ते! काय काय बोलले, सारं सांगा."

इंद्रभानची पंचाईत झाली. निरूपण लागलं की डोळे मिटायचे, ही त्यांची लग्नाआधीपासूनची रीत. एक आख्खं कीर्तन जागेपणी ऐकायची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि वर ते पोचवायचंही होतं. ते ऐकायचे, सांगायचे. सांगेपर्यंत महाराज पुढं निघून जायचे. घामाघूम होऊन शेवटी त्यांनी हात वर केला.

"महाराज, जराक दमानं! माह्या एकट्याच्यानं वाहून नाही होत!"

सगळा मंडप हसला. बायका एकमेकींच्या खांद्यावर पडून हसल्या, महाराज चिपळ्या धरून हसले. सत्यभामाबाईंनी सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी इंद्रभानचं कोपर धरून हलवलं.

"काय झालं? काऊन हासून राह्यले सारे? मलेबी सांगा ना."