पुढची सायकल

शहराचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, यावरून त्या महिन्यात जेवढी भांडणं झाली, तेवढी नळाच्या पाण्यावरूनही कधी झाली नव्हती. नगरपालिकेनं नवं क्रीडासंकुल बांधलं आणि त्याला पुढाऱ्याऐवजी खेळाडूचं नाव द्यायचं ठरवलं. शहाणपण कधीकधी चुकूनही होतं, त्यातलाच हा प्रकार. नावं सुचवून झाली, गाळून झाली आणि शेवटी दोन उरली. एक होता फुटबॉलवाला ‘डावरा’, ज्याचा डावा पाय गोलरक्षकांच्या स्वप्नात यायचा. दुसरा सायकलवाला ‘तुफान’. टेकडीच्या शर्यतीतला त्याचा विक्रम आजतागायत कुणाला मोडता आला नव्हता. रविवारी सकाळी वाचनालयाच्या सभागृहात दोन्हीकडून भाषणं होणार होती आणि मग हात वर करून निकाल लागणार होता.

तुफानची थोरली बहीण सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायची. वडिलांचंच दुकान. भावाला खेळाडू म्हणून मोठ्या कंपनीत नोकरी लागली, बहिणीला दुकान लागलं. सगळी गल्ली तिला ताई म्हणायची, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. साठी कधीच उलटली होती, पण चाकाचा वाक काढताना ती अजून चष्मा लावत नसे. चाक फिरवायचं, बोटाच्या पेरानं आऱ्या चाचपायच्या, ढिली लागली की किल्लीनं पाव फेरा द्यायचा. तोंड मात्र तेवढा वेळ मोकळं असायचं.

“मी सांगतो, ताई, तुमचा भाऊच येणार निवडून,” शेजारचा शिंपी म्हणाला. गिऱ्हाईक नसलं की तो गळ्यात टेप अडकवून तिच्या दुकानात येऊन बसायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा माणूस. पण मनानं लबाड नव्हता. “फुटबॉल अकरा जणांचा खेळ. एकट्या डावऱ्याचं काय कौतुक? तुमचा भाऊ एकटा चढला टेकडी!”

“एकटा?” ताईनं चाक थांबवलं.

“मग काय दुकटा?”

“त्याच्या पुढे कोण होतं, ते विचार की.”

“पुढे? पहिला आलेल्याच्या पुढे कोण असणार?”

“मी होते.”

शिंपी हसला. म्हाताऱ्या माणसाच्या गोष्टीला हसावं तसा, मायेनं. ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिनं त्याला स्टुलावर नीट बसायला सांगितलं आणि शिकवणीच घेतली.

टेकडीच्या शर्यतीत एकेक गडी घड्याळ लावून सुटायचा. प्रत्येकाला आपला एक पेसर न्यायची मुभा होती. पेसर म्हणजे पुढे सायकल हाणणारा. समोरचा वारा त्यानं छातीवर घ्यायचा आणि मागच्यानं त्याच्या आडोशाला राहून दम राखायचा. तळ्याकाठचा उघडा रस्ता आणि मग टेकडीचा चढ, दोन्हीकडे वारा तोंडावरच यायचा. वरच्या पाण्याच्या टाकीपाशी पेसरनं बाजूला व्हायचं, असा नियम होता. शेवटचा तुकडा खेळाडूनं एकट्यानं काढायचा. पण तिथवर पेसर पोचायचेच कुठे? बहुतेकांचा अर्ध्या चढात जीव जायचा, आणि त्यांचे खेळाडू त्यांना टाकून पुढे निघायचे. शर्यतीत बायकांना बंदी होती. पेसर मात्र स्पर्धक नसल्यामुळे तो बाई आहे की बुवा, हे बघायची कुणाला गरज वाटली नव्हती.

“म्हणजे तुम्ही टाकीपर्यंत पुढे होता?” शिंप्यानं विचारलं.

“दरवर्षी. विक्रमाच्या वर्षीसुद्धा. अंगात वडिलांचा शर्ट होता.”

“आणि तो मागे?”

“वारा मी खाल्ला, पेढे त्यानं.”

शिंपी या खेपेला हसला नाही. भिंतीवर वर्तमानपत्रातला जुना फोटो फ्रेम करून लावला होता. त्यात तुफान दात-ओठ खात येत होता आणि फोटोच्या अगदी कडेला कुणाचंतरी मागचं चाक आणि एक टाच दिसत होती. शिंप्यानं तो हजारदा पाहिला होता. आता तो उठून फोटोच्या कडेपाशी गेला आणि बराच वेळ त्या टाचेकडे बघत राहिला.

शुक्रवारी भाऊ आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची सवय लहानपणापासूनची. आधी गुडघेदुखी झाली, मग नातवाचे मार्क झाले, मग दुकानाला रंग द्यायला हवा हे झालं. ताई चेन साफ करत सगळं ऐकत होती.

“काय काम काढलंस, ते बोल आता,” ती म्हणाली.

“रविवारी माझ्या बाजूनं दोन शब्द बोलशील का? घरचं माणूस बोललं की लोकांना भिडतं. लहानपणीचं सांग. मी कसा पहाटे उठायचो वगैरे.”

“उठायचास? तुझं पांघरूण कोण ओढायचं?”

“तेच सांग की! लोक हसतील, मोकळे होतील.”

“आणि टेकडीचं?”

भाऊ पिशवीतली फळं उगाच इकडची तिकडे करू लागला. “ते आता कशाला, ताई? लोकांना समजायचं नाही ते.”

“न समजण्यासारखं काय आहे? मी पुढे होते, तू मागे होतास. बालवाडीतल्या पोराला समजेल.”

“तू काय शर्यत करत होतीस? मला मदत करत होतीस.”

“मदत करत करत वर पोचत होते ना?”

“नाव लागलं तर ते आपल्या घराण्याचंच लागेल.”

“घराण्याला सायकल येत नव्हती. मला येत होती.”

तो खाली बघून म्हणाला, “निवृत्त झाल्यापासून मला कुणी ओळखत नाही गं. परवा बँकेत त्या पोरीनं तीनदा नाव विचारलं. एवढं एक होऊ दे.”

ताईचं काळीज हललं. धाकटा भाऊ होता तो. दोघांची आई लवकर गेली, तेव्हा याची वेणीफणी सोडून सगळं तिनं केलं होतं. तो जिंकला की तिला खरंच आनंद व्हायचा. टाकीपाशी बाजूला होऊन ती घसा फुटेस्तोवर ओरडायची. पण आनंद झाला म्हणून हक्क सुटला, असं कुठं लिहिलंय? ती भावाला एवढंच म्हणाली, “येते. बोलते.” काय बोलणार, हे तिनं सांगितलं नाही, कारण तिचंही अजून ठरलं नव्हतं.

ते ठरलं रविवारी, सभागृहाच्या दारात.

मंचावर दोन मोठे फलक लावले होते. एकावर डावरा हवेत आडवा झालेला. दुसऱ्यावर दुकानातलाच तो फोटो, भिंतीएवढा केलेला. ताई जवळ गेली. तुफानचे दात दिसत होते, मानेच्या शिरा दिसत होत्या. कडेचं चाक नव्हतं. टाच नव्हती.

भावजय फुलांचा गुच्छ घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. ताईनं तिला विचारलं, “कड कुणी कापली?”

भावजय खोटं बोलणारी बाई नव्हती, हा तिचा गुणही होता आणि अडचणही. “यांनीच सांगितलं छपाईवाल्याला,” ती हळूच म्हणाली. “म्हणाले, अर्धं चाक मध्येच कसंतरी दिसतं.”

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्तमानपत्रवाल्यानं अनवधानानं तिला अर्धीमुर्धी तरी ठेवली होती. सख्ख्या भावानं तेवढीही ठेवली नाही.

डावऱ्याच्या बाजूनं एक वकील बोलला आणि टाळ्या घेऊन गेला. मग अध्यक्षांनी, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापकांनी, पुकारा केला, “आता तुफान यांच्या भगिनी दोन शब्द बोलतील.” ‘दोन शब्द’ त्यांनी जरा दाबून उच्चारले.

ताई माइकपाशी गेली. हाताला वंगणाचा वास होता, तो कितीही घासला तरी जात नसे. “मला माझ्या भावाचं कौतुक सांगायला बोलावलंय,” ती म्हणाली. “तो चांगला सायकलवाला होता. कष्टाळू होता. मी पांघरूण ओढलं की उठायचा.” लोक हसले. भाऊही हसला, मोकळा झाला. “पण तुम्ही विचारताय, सर्वश्रेष्ठ कोण. त्याला माझं उत्तर वेगळं आहे. या शहराची सर्वश्रेष्ठ खेळाडू मी आहे.”

लोक आणखी हसले. ताई थांबली. हसू संपेपर्यंत थांबली, आणि ते संपल्यावर तिनं शिंप्याला सांगितलं होतं ते सगळं भर सभेत सांगितलं. वारा, आडोसा, टाकी, वडिलांचा शर्ट. कुठेही आवाज चढवला नाही, कुठेही डोळे पुसले नाहीत.

अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “बाई, नावं सुचवायची मुदत संपली. शिवाय स्वतःचं नाव स्वतःच सुचवायचं, हे जरा...”

“बरं दिसत नाही, माहितीये. दुसरं कुणीतरी सुचवेल म्हणून वाट बघता बघता म्हातारी झाले मी. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात, म्हणून आज बोलते.”

“मी सुचवतो!” मागून शिंपी ओरडला. टेप अजून गळ्यातच होती.

सभागृहात गलका झाला. अध्यक्षांनी टेबल बडवलं आणि सुटका व्हावी म्हणून तुफानकडे वळले. “तुम्हीच सांगा. या म्हणतात ते खरं आहे?”

भाऊ उभा राहिला. खोटं बोलला असता तर ताईला सोपं गेलं असतं. तो खोटं बोलला नाही. घसा साफ करून म्हणाला, “ताई पुढे होती. पण पुढे राहणं हे पेसरचं कामच असतं.”

टाळ्या पडल्या. लोकांना ते फार शहाणपणाचं वाटलं.

“बरोबर,” ताई म्हणाली. “कामच होतं. बाकीच्यांच्या पेसरना ते काम झेपलं नाही. सगळे बाप्ये होते, अर्ध्या चढात गळाले, त्यांच्या खेळाडूंनी त्यांना मागे टाकलं. तू मला कधी टाकलंस? विक्रमाच्या दिवशी? सरावात? एकदा तरी?”

भाऊ खुर्चीत खाली बसला.

“टाकीपाशी मी बाजूला झाले ते नियम होता म्हणून. दम संपला म्हणून नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी अजून रोज सकाळी टेकडी चढते. ज्यांना शंका आहे त्यांनी उद्या यावं, आपली सायकल आपण आणावी. हवा मी फुकट भरून देईन.”

एवढं बोलून ती खाली उतरली.

मतदान झालं. डावऱ्यासाठी हात वर झाले, भरपूर झाले. तुफानसाठी झाले, तेही भरपूर. पण जे लोक सकाळी त्याच्यासाठी म्हणून घरून निघाले होते, त्यातले काही जण मांडीवर हात ठेवून बसून राहिले. अध्यक्ष निकाल सांगायला उठणार, तेवढ्यात ताईनं स्वतःचा हात वर केला. एकटीचा हात. तो तिनं कोपरापासून सरळ, अगदी ताठ धरला.

“बाई, तुमचं नाव मतदानात नाही,” अध्यक्ष म्हणाले.

“नसू दे. हात माझाच आहे.”

शिंप्याचा हात वर गेला. मग मागच्या रांगेतल्या दोन बायकांचा, ज्या त्याच्या दुकानात काज-बटणं करायच्या. मग कोपऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या मुष्टियोद्ध्याचा, ज्याचं नाव पहिल्याच फेरीत गाळलं गेलं होतं. मग इथून एक, तिथून एक. पहिल्या रांगेतल्या भावजयीनं फुलांचा गुच्छ शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला, नवऱ्याकडे न बघता, आणि आपला हात वर केला. अध्यक्षांनी ते हात मोजले नाहीत. पण भिंतीएवढ्या फोटोखाली बसलेल्या माणसाला ते मोजायची गरज नव्हती. ते सगळे त्याच्या वाट्याचे हात होते, हे त्याला बसल्या जागेवरून कळत होतं.

डावरा थोडक्यात जिंकला.

लोक पांगले. शिंपी निकालाचं कवित्व करत कुणाच्यातरी मागे लागला. ताई बाहेर आली, रेलिंगला लावलेल्या सायकलचं कुलूप काढलं. भाऊ पायऱ्या उतरून तिच्यापाशी आला. इस्त्रीचा शर्ट चुरगळला होता. क्षणभर तिला वाटलं, हा माफी मागणार. तिनं सायकल धरून ठेवली आणि त्याला वेळ दिला.

“तुझ्यामुळे हरलो मी, ताई,” तो म्हणाला.

“हो,” ती म्हणाली. “माझ्यामुळेच हरलास. जिंकायचास तेही माझ्यामुळेच. ते बोलायला तुला जन्म पुरला नाही, आणि हे बोलायला चार पायऱ्या पुरल्या.”