आकसलेलं ठिगळ

मी ठिगळं लावते. ठिगळ म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण माझी ठिगळं मिरवायची असतात. कोपरावर पान, गुडघ्यावर मासा, खिशाच्या टोकाला अर्धा चंद्र. कापडाचा तुकडा कापायचा, कडा आत दुमडायच्या आणि टाके असे घालायचे की धागा शोधूनही सापडू नये. चौकातल्या शिंप्याकडून दर सोमवारी फाटक्या कपड्यांचं गाठोडं यायचं. गळ्यातली टेप तो बहुधा अंघोळीलाही काढत नसावा, म्हणून आमच्या घरात तो टेपमास्तर. त्याची गिऱ्हाइकं "ताईंच्याच हातचं हवं" म्हणून अडून बसायची. फुशारकी वाटली तर वाटू दे. वीस वर्षं घासून कमावलंय हे नाव.

दोन वर्षांपूर्वी मला सुईचं नेढं दिसेनासं झालं. चष्मे बदलून झाले. बोटांना सगळं कळत होतं, फक्त नेढं तेवढं हुलकावणी द्यायचं. हे मी एकाच माणसाला सांगितलं, माझ्या धाकट्या जाऊला. नवऱ्यालासुद्धा नाही. ती रोज सकाळी वीस सुया ओवून माझ्यासमोर ठेवायची आणि म्हणायची, "काळजी सोडा ताई, माझ्या तोंडून कुणाला कळायचं नाही." मीही तिला हाताशी धरून कापायला, दुमडायला, टाके घालायला शिकवलं. मला सख्खी बहीण नाही. वाटलं, उशिरा का होईना, मिळाली.

मग गाठोडं येईनासं झालं. ते आणायला जाऊच जायची. रिकाम्या हाताने परत यायची आणि म्हणायची, "मंदी आहे ताई. लोक फाटकं टाकून नवंच घेतात हल्ली." महिनाभर मी मान डोलवत राहिले. तिच्या खोलीचं दार दुपारभर बंद असायचं. डोकं दुखतं म्हणायची. मी बावळट, तिला बाम नेऊन देत होते!

काल खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई वर आल्या आणि त्यांनी आपला कोट माझ्या मांडीवर टाकला. "राग नका मानू, पण तुमच्या हातचं असं कधी झालं नव्हतं. एकदाच धुतला हो."

कोपरावर पान होतं. मी बोट फिरवलं. ठिगळ आकसलं होतं आणि त्याने कोटाची बाही चुण्या पाडून ओढून घेतली होती. कोरं कापड आधी गरम पाण्यात भिजवून, वाळवून मगच कापायचं असतं. ते काम मी पहाटेच न्हाणीघरात उरकायचे. लपवलं कधी नाही. जाऊ उठायची तेव्हा कापड दोरीवर असायचं, आणि तिने कधी विचारलं नाही. टाके मात्र मीच शिकवलेले होते, एकेक, ओळखीचे.

मी कोट घेऊन तडक दुकानात गेले. टेपमास्तर गडबडला. "वहिनी, तुम्ही कशाला आलात? तुमच्या जाऊबाई म्हणाल्या, तुम्हाला आता काही दिसत नाही. सुईसुद्धा त्याच ओवून देतात म्हणे. म्हटलं, उगाच तुम्हाला त्रास नको. गिऱ्हाइकांना मात्र सांगितलेलं नाही हं. नाव तुमचंच चालू आहे."

मी कोट उचलून तशीच मागे वळले. परक्याने केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. हिने केसाने गळा कापला होता.

घरी आले तर जाऊ दारातच उभी. माझ्या हातातला कोट पाहून समजली.

"मला सांगायचं तरी होतंस," मी म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही दिलं असतं काम?" ती म्हणाली. "कधी ना कधी त्याला कळणारच होतं. मग ते बाहेरच्या कुणाकडे गेलं असतं. निदान घरात तर राहिलं."

म्हणजे वर माझ्यावरच उपकार! मी बसले.

ती माझ्याजवळ येऊन बसली. आवाज अगदी पूर्वीसारखा मऊ. "ताई, आणखी चार कपडे परत आलेत. ठिगळ आकसतं कशाने, तेवढं सांगा ना."

मी बाहीवरून पुन्हा एकदा हात फिरवला.

"टाके फार घट्ट घालतेस," मी म्हणाले. "जरा सैल सोड."

"एवढंच?"

"एवढंच."

तिचा जीव भांड्यात पडला. ती खोलीत गेली, पलंगाखालून गाठोडं ओढलं आणि या वेळी दार उघडं ठेवूनच शिवायला बसली. त्यातला प्रत्येक कपडा माझ्या नावावर दुकानातून जाणार होता, आणि पहिल्याच धुण्यात ते नाव मातीला मिळणार होतं. मला ते कळत होतं. तरी मी तिला हाक मारली नाही.