नाडीचा आकडा

कपडे शिवून घर चालवणाऱ्या या बाईनं जन्मात कुणाच्या मापात अर्ध्या इंचाची लबाडी केली नव्हती. नवऱ्याच्या बाबतीत मात्र गेले सोळा दिवस ती धडधडीत थापा मारत होती.

रोज सकाळी आठला हॉस्पिटलच्या सिस्टरचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर यायचा. किती मिनिटं चाललात? नंतर नाडी किती? धाप लागली का? ती नवऱ्याच्या वतीनं उत्तर पाठवायची: वीस मिनिटं, अठ्ठ्याऐंशी, नाही. खरं तर हार्ट अटॅकनंतर घरी आलेला हा बसड्रायव्हर पलंग सोडायलाच तयार नव्हता. "चाललो आणि पुन्हा दुखलं तर?" म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. तीही काही कमी भित्री नव्हती. अटॅकच्या दिवशी तिनं त्याच्या मनगटावर बोटं ठेवली होती आणि हाताला काहीच लागलं नव्हतं. तेव्हापासून त्या मनगटाला हात लावायचं ती टाळायची. आणि खरं कळवलं तर त्याला परत हॉस्पिटलात नेतील, ही धास्ती वेगळीच. सिस्टर बिचारी खूश होती.

आज बाही जोडताना घर तिला भलतंच शांत वाटलं. आत जाऊन पाहते तो पलंग रिकामा. उशीवर फोन उघडाच पडला होता. सिस्टरनं लिहिलं होतं, 'काका, छान प्रगती! आजपासून जिना. दोन मजले, सावकाश.' खाली नवऱ्याचं उत्तर होतं, 'आज खरंच चढतो.'

तिचं धाबं दणाणलं. सोळा दिवस न हललेला माणूस एकदम जिना चढणार! आपणच आकडे लिहून लिहून याला मरणाच्या दारात ढकललं, असं म्हणत ती फोन घेऊन अनवाणीच धावली.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो कठड्याला डोकं टेकून बसला होता. शर्ट घामानं भिजला होता.

"अहो!"

"वाचलं मी सगळं," तो धापा टाकत म्हणाला. "म्हटलं, निदान आज तरी... तुला खोटं लिहायला लागू नये."

तिला रडू फुटलं आणि त्याचा रागही आला. "मग मला हाक मारायला काय झालं होतं?"

तेवढ्यात हातातला फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर टाकला. सिस्टरच होती. "काकू, काकांनी 'खरंच' असं का लिहिलंय? आधीचं काय होतं?"

"सगळं खोटं, सिस्टर. एकही दिवस चालले नाहीत. आत्ता जिन्यात बसलेत, घामाघूम झालेत."

"छातीत दुखतंय?"

"आवळल्यासारखं होतंय," तो म्हणाला.

सिस्टर रागावली नाही, आणि त्यानंच ही बाई जास्त घाबरली. "अ‍ॅम्ब्युलन्स पाठवतेय. त्यांना उठू देऊ नका. नाडी बघा."

"मला नाही हो जमणार."

"अंदाजे नको, काकू. बोटं ठेवा. अंगठ्याच्या बाजूला, जरा दाबून."

तिनं ठेवली. काहीच नाही. मग बोट जरासं सरकलं आणि लागली, बारीक, घाईची, मध्येच चुकणारी. ती मोठ्यानं मोजत सुटली.

"थांबा. अर्धं मिनिट झालं. किती?"

"अठ्ठावन्न. दोनदा चुकली."

"नक्की?"

"नक्की."

"बरं. आता हात सोडलात तरी चालेल, काकू."

तिनं सोडला नाही. एक ठोका लागला की पुढचा येईपर्यंत तिचा श्वास अडकायचा. ती पुन्हा एकपासून मोजायला लागली.