हातभर वळण

मंगळवारी सकाळी नऊ चाळीसला अश्लेषा वाकचौरेच्या उजवीकडची भिंत चार बोटं आत आली. बाणेरच्या त्या फ्लॅटमध्ये कुणी मानही वर केली नाही. शूटर गेम खेळणाऱ्या पाच जणांचा संघ तिथे राहायचा, आणि पंचविशी उलटली की ज्याची त्याची भिंत आत येतेच. अश्लेषाला सव्विसावं लागून नऊ दिवस झाले होते.

भिंतीबरोबर टेबलही आखडलं. मॅनेजर तांबोळींनी टेप लावून मापलं.

"दोन वीत उरलंय. सेन्सिटिव्हिटी वाढव. सगळे वाढवतात."

माउस किती सरकवला की पडद्यावरचा माणूस किती वळतो, त्याचं हे माप. अश्लेषाने ते दहा वर्षांत बदललं नव्हतं. बाकीचे मनगटातल्या मनगटात मागे वळत. तिला माउस हातभर ओढावा लागे. पण तिचा नेम हलत नसे तो त्यामुळेच.

"नंदनने वाढवली होती," ती म्हणाली.

नंदन पिसाळ तिच्या आधीचा स्टार. भिंत जेवढी सरके, तेवढं तो माप वाढवी. आता तो पॅसेजमध्ये कॅलेंडरशेजारी टाचणीने लावलेला असतो, कागदाइतका पातळ. हातात नखाएवढा माउस. नेम असा थरथरतो की कॅलेंडर फडफडतं.

"खेळतोय ना पण?"

"फडफडतोय."

तांबोळींनी टेप गुंडाळली. "आज हरलीस, तर उद्यापासून ही खुर्ची आपल्या राखीव खेळाडूची, समीहाची. तिची भिंत यायला अजून सहा वर्षं आहेत."

बारा वाजता उपांत्य सामना सुरू झाला. पहिल्याच फेरीत भिंत आणखी सरकली. अश्लेषाने कोपर पोटाशी घेतलं आणि दोघांना टिपलं. मग छत बोटभर उतरलं. तिने हेडफोन मानेवर घेतले.

"ताई, थोडीशी वाढव ना," शेजारच्या खुर्चीतून कॅप्टन फिरोज म्हणाला. "कुणाला कळणारपण नाही."

"मला कळेल. तू गेममधला तुझा दरवाजा बघ, मघापासून उघडा टाकलायस."

"आजीबाई, भिंत नाकाला लागलीय तुमच्या!" फिरोजने चिडवलं.

"लागू दे. नाक माझंय."

बारा चोविसला शेवटची फेरी. पडद्यावर फिरोजसह तिचे चौघे साथीदार मेले. समोर एकच शत्रू उरला होता, आणि तो समोर नव्हता. त्याची पावलं तिच्या पाठीमागे वाजली. वळायला हातभर जागा हवी होती. टेबलावर एक वीत होती.

"उचलून परत ठेव माउस!" फिरोज ओरडला.

उचलेपर्यंत तो गोळी घालणार, हे तिला ठाऊक होतं. तिने माउस ओढला. तो भिंतीला टेकला. तिने ओढणं थांबवलं नाही. आधी मनगट आत गेलं, मग कोपर. गिलावा पडला नाही. पडद्यावर दृश्य संथपणे वळत राहिलं. आधी खिडकी, मग जिना, मग शत्रूचा खांदा.

बारा सव्वीसला तांबोळींचा फोन वाजला. शेजारच्या फ्लॅटमधल्या पेठेबाई होत्या.

"अहो, तुमच्यातल्या कुणाचा तरी हात आमच्या ओट्यावर आलाय. माउस आहे त्यात. मी पोळ्या लाटतेय इथे. मागे घ्यायला सांगा."

तांबोळींनी अश्लेषाकडे पाहिलं. "त्या म्हणतायत, मागे घे."

"पोळपाट बाजूला घ्या म्हणावं."

फेरीचे सहा सेकंद उरले आहेत. पेठेबाईंनी अजून पोळपाट हलवलेला नाही. हात सरकतो आहे.